चिंचपाणीले थांबलेली मालगाडी

पहिलेच सांगून ठेवतो, मले कम्प्युटरवरचे खेळ आवडत नाहीत. रिकामटेकड्याचे धंदे आहेत ते. पण आमच्या पियुषनं जेव्हा सांगितलं का "बाबा, मी खंडवा लाइन बनवून राहिलो," तेव्हा मी खुर्ची ओढून त्याच्या बाजूले बसलो अन् दीड वर्ष तिथून उठलोच नाही म्हणा ना.

खंडवा लाइन म्हणजे अकोल्याहून अकोट, तिथून मेळघाटच्या जंगलातून धुळघाट अन् पुढं खंडवा. छोटी लाइन, म्हणजे मीटरगेज. गाड्या बंद झाल्या त्याले आता बरीच वर्षं झाली. त्या जंगलात चिंचपाणी नावाचं एक टीचभर स्टेशन होतं, तिथं मी नऊ वर्षं मास्तर होतो. एक फलाट, एक बाकडं, मागं आमचं क्वार्टर, बाकी सगळा साग अन् माकडं.

पियुष दिवसा एका आर्किटेक्टकडे नकाशे काढते. संध्याकाळी घरी आला का हा खेळ. खेळ असा, का तुमी इंजिनात बसता अन् गाडी चालवता. ज्याले जमते तो स्वतः एखादी लाइन बनवते, झाडं, पूल, डोंगर सगळं, अन् नेटवर टाकते. मंग कुठचे कुठचे लोक ती फुकटात उतरवून घेतात अन् तिच्यावर गाडी हाकतात. पियुषजवळ जुने नकाशे होते, उपग्रहाचे फोटो होते, अन् मी होतो. "अबे, मे महिन्यात सागाले पानं कुठून आणली? काढ." "पाण्याची टाकी त्या बाजूले नव्हती, भैताडा." असं माझं चालू राहे. पोट्टं हसत हसत सगळं बदलवे. खरं सांगतो, बाप-लेक म्हणून आमी तेव्हाच एकमेकाले ओळखलं.

मैनाबाई, म्हणजे माझी बायको, त्या खोलीत कधी आली नाही. चहा आणला तरी दारातूनच. पियुषले वाटे, आईले त्या इंजिनाच्या आवाजाचा त्रास होते. मले ठाऊक होतं काहून येत नाही ते.

पियुषच्या आधी आमाले एक पोरगी होती. पौर्णिमा. सहा वर्षांची होऊन गेली, चिंचपाणीले असतानाच. पियुष तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याले एवढंच माहीत का बहिणीले हगवण लागली होती अन् वेळेवर गाडी भेटली नाही. आमी दोघांनी असं सांगायचं काही ठरवलं नव्हतं, पण तीस वर्षं घरात हेच चालत आलं. गाडी भेटली नाही. साफ खोटं आहे. गाडी होती.

मे महिना होता. पोरीले सकाळपासून उलट्या-जुलाब. अडीचच्या पॅसेंजरनं अकोटच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. दोनच्या सुमारास खंडव्याकडून मालगाडी येत होती, थ्रू, म्हणजे आमच्याकडे न थांबता जाणारी. तिच्यासाठी मी सिग्नल देऊन ठेवला होता. तेवढ्यात पोर्टर नत्थुजी क्वार्टरकडून धावत आला. "मास्तर, पोरगी डोळे फिरवून राहिली. बाई म्हणतात, येईन ती गाडी थांबवा!"

थांबवता येत होती. सिग्नल परत लाल करायचा, लाल निशाण घेऊन फलाटावर उभं राहायचं, बस. ड्रायव्हरनं दोन शिव्या हासडल्या असत्या. गार्डाच्या डब्यात मायलेकीले बसवलं असतं तर पाऊण तासात अकोट. मले फार तर एक चार्जशीट भेटली असती, फाशी तर कोणी देत नव्हतं. पण आदल्याच महिन्यात एक मालगाडी अडवून ठेवली म्हणून माझा लेखी खुलासा मागितला होता, त्याची धास्ती डोक्यात बसलेली. अन् वाटलं, पॅसेंजर येतेच आहे अर्ध्या तासात. मी फलाटावर उभा राहिलो अन् मालगाडीले हिरवं निशाण दाखवलं. मंग ती पॅसेंजर दोन तास लेट आली. अकोटच्या डॉक्टरनं पोरीची नाडी पाहिली, हात खाली ठेवला अन् मले विचारलं, "इतका उशीर काहून केला?"

मैनानं मात्र मले एका शब्दानं विचारलं नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याले नाही, आजवर नाही. तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर मी सुटलो असतो. ती सैपाक करे, डबा भरे, पियुष झाला तेव्हा हसलीही. पण त्या दुपारची गोष्ट आमच्यात कधी निघाली नाही.

तर लाइन पुरी झाली. पियुषनं ती नेटवर टाकली अन् महिन्याभरात अकराशे लोकांनी घेतली. कोणी लिहे, "भाऊ, धुळघाटचा तो डोंगराभोवतीचा फेरा पाहून डोळ्यात पाणी आलं." कोणी लिहे, "लहानपणी मामाच्या गावाले याच गाडीनं जाओ." पोट्टं मले एकेक वाचून दाखवे अन् माझी छाती फुगे.

मंग एका रविवारी म्हणे, "बाबा, तुमच्यासाठी एक गंमत ठेवली आहे. आज तुमी चालवा." मले मालगाडीच्या इंजिनात बसवलं, खंडव्याकडून. साग मागं पळत होता. चिंचपाणीचा सिग्नल दिसला, मोकळा. फलाट आला. अन् फलाटावर एक माणूस उभा होता. पांढरा ड्रेस, टोपी, जाड मिशी, हात लांब केलेला अन् हातात हिरवं निशाण.

"ओळखलं का?" पियुष म्हणे. "तुमी आहात! अल्बममधल्या फोटोवरून बनवलं. अकराशे लोक तिथून जातात बाबा, अन् सगळ्याईले तुमी निशाण दाखवता!"

गाडी धडधडत निघून गेली. ब्रेक माझ्याच हातात होता, तरी मले ती थांबवता आली नाही.

"काढ ते," मी म्हटलं.

"काहून? मिशी चुकली का?"

"काढ म्हणतो ना! नाहीतर लाल दे त्याच्या हातात!"

"बाबा, तो नुसता पुतळा आहे," पियुष समजावून सांगे. "लाल दिलं तरी गाडी थांबत नाही. गाडीले तो दिसतच नाही."

मी टेबलावर हात आपटला. पोट्टं घाबरलं. बापाचं नाव दुनियेले दाखवावं म्हणून ज्यानं रात्रीचा दिवस केला त्याच्यावर मी ओरडून राहिलो होतो. मंग मी त्याले सगळं सांगितलं. नत्थुजी धावत आला ते, खुलाशाचं ते, हिरव्या निशाणाचं ते. सांगता सांगता लक्षात आलं का पियुष माझ्याकडे पाहून नाही राहिला, माझ्या मागं पाहून राहिला. मैना दारात उभी होती. तिनं चहाचे कप खाली जमिनीवर ठेवले अन् निघून गेली.

चार दिवस पियुष माझ्याशी बोलला नाही. जेवायले समोर बसे, पण नजर ताटात. पोरगी गेली तेव्हा काय गमावलं ते मले ठाऊक होतं, आता लेकाच्याही नजरेतून उतरलो. दोष कोणाले देता? माझंच होतं सगळं.

पाचव्या दिवशी त्यानं त्याच्याच मनानं लाइन बदलवली. चिंचपाणीचा सिग्नल लाल केला. माणसाच्या हातात लाल निशाण दिलं. मालगाडी आता फलाटाले लागून थांबते अन् मंगच पुढं जाते. तशीच त्यानं ती पुन्हा नेटवर टाकली. दोन दिवसात एकाची तक्रार आली. "मी अकोटचा आहे. चिंचपाणीले मालगाडी कधीच थांबत नव्हती. एवढी मस्त लाइन अन् हे असं चुकीचं काहून ठेवलं? दुरुस्त करा."

पियुषनं ते मले वाचून दाखवलं. चार दिवसानंतरचं पहिलं बोलणं. "काय लिहू, बाबा?"

मी म्हटलं, "लिही, तुमचं बरोबर आहे. ती थांबली नव्हती. मास्तरनं थांबवायले पाहिजे होती." त्यानं तसंच लिहिलं, एक अक्षर इकडंतिकडं न करता.

त्याच दुपारी मैना खोलीत आली. पहिल्यांदा. माझ्या खुर्चीवर बसली, पदर सावरला अन् पियुषले म्हणे, "दाखव मले."

पियुषनं गाडी सुरू केली. मी भिंतीले टेकून उभा होतो. साग गेला, पूल गेला, सिग्नल आला. गाडी हळू हळू फलाटाले लागली अन् उभी राहिली. फलाटामागं आमचं क्वार्टर, निळ्या दाराचं. मैना त्या दाराकडे पाहत होती.

"किती वेळ थांबते?" तिनं विचारलं.

"चार मिनिटं, आई."

मंग मान वळवून तिनं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत असं सरळ पाहिलं नव्हतं.

"चार कायले?" ती म्हणे. "मले दोनच लागली असती. पोरीले खांद्यावर घेऊन मी दारातच उभी होती."