गारठ्यातलं रेझीन

संजीवनीने आपल्या शेडमध्ये बनलेल्या फायबरच्या पॅनेलचा कापलेला तुकडा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत घातला. कोपरा पेटला तसा तिने चिमटा बाजूला ओढला आणि आता विझेल म्हणून बघत राहिली. या रेझीनच्या अंगातच ब्रोमीन असतं. जाळ काढून घेतला की तेच ज्योतीला पुढे सरकू देत नाही. म्हणून तर स्कूलबसच्या आतल्या पॅनेलांना हे महागडं रेझीन. ज्योत मात्र काळा धूर सोडत निवांत सरकत गेली, थेट चिमट्यापर्यंत.

तिने तुकडा वाळूच्या बादलीत खुपसला. आजवर माल असा कधी जाळून पाहिला नव्हता. रेझीनच्या ड्रमवर 'आग धरत नाही' लिहिलंय म्हणजे झालं! इंदापूरच्या नव्या गिऱ्हाइकाने हट्ट धरला, म्हणून आजचा हा उद्योग.

"झुंबरतात्या, यात काय घातलं?"

"काय न्हाय, ताई." झुंबर हात पुसत आला. बारामतीच्या त्या शेडमध्ये त्याच्यासारखं गुळगुळीत काम कुणाचं नव्हतं, आणि हे सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक होतं. "गारठ्यानं रेझीन घट्ट झालं हुतं. ब्रश ओढंना. मग स्टायरीन घालून पातळ केलं."

"किती घातलं?"

"अंदाजानं. आमटीत पाणी घालतो तसं."

पाण्याने आमटी आळणी होते, एवढंच. इथे ब्रोमीन विरळ झालं होतं आणि वर चटकन पेट घेणाऱ्या स्टायरीनचं आगीला नवं खाद्य मिळालं होतं. तरी बरं, ही पॅनेलं अजून शेडमध्येच होती, कुठल्या गाडीत बसली नव्हती. देवच पावला म्हणायचा. ती खुर्चीत टेकली.

"सगळी टाकून देऊ. पुन्हा असं करू नका."

"बरं." झुंबर घुटमळला. "पर ताई, दर हिवाळ्यात मी असंच करतो की. त्याबिगार मालाला चकाकी येत न्हाय."

बाहेर हॉर्न वाजला. शाळेची बस संजीवनीच्या लेकीला, प्राचीला, सोडायला आली होती. गेल्या जानेवारीत त्याच बसची पॅनेलं इथेच बनली होती.

संजीवनी धावली. दार उघडताच तिने प्राचीला दप्तरासकट खाली ओढलं आणि घट्ट धरलं. सुटलो, असं क्षणभर वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

"आई, सोड ना. सगळे बघतायत."

खरंच बघत होते. खिडक्याखिडक्यांत पोरं हसत होती. दत्तोबा ड्रायव्हरने गिअर टाकला. आता तोंड उघडलं तर शेडला कुलूप लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने प्राचीला बाजूला केलं आणि ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

"काय झालं, ताई?"

"इंजिन बंद करा, दत्तोबा. आधी पोरं उतरवा. मग सांगते."