रंगाचा दुसरा हात

सुचित्राला अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत तळमजल्याचं क्वार्टर मिळालं, तेव्हा तिच्या वडिलांनी खोल्या नीट पाहिल्यासुद्धा नाहीत. रघुवीर आंगचेकर मागचं दार उघडून बाहेर गेला आणि कुंपणाच्या भिंतीपर्यंतच्या मोकळ्या पट्ट्यात उभा राहिला. एक पपई, थोडं अळू, कोपऱ्यात तगर आणि नळाच्या वाहत्या पाण्याने पडलेली लहानशी घळ. त्याच संध्याकाळी त्याने लालबागला गंगाधर धुरीला फोन केला.

"गंग्या, जागा मिळाली."

कसली जागा, हे गंगाधरला विचारावं लागलं नाही. दोघांची उभी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेली होती. रघुवीर सुतारकामाला, गंगाधर रंगाच्या खात्यात. घाटातल्या छोट्या गाडीचे डबे कधीमधी तिथे दुरुस्तीला येत. मोठ्या डब्यांच्या रांगेत ते बुटके डबे उभे राहिले की माणसं त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत, हळू आवाजात बोलत. तशी एक गाडी आपण करायची, अगदी लहान, झाडांमधून फिरणारी, असं हे दोघं निवृत्तीच्या आधीपासून म्हणत होते. चाळीत जागा नव्हती. पुढे रघुवीरची बायको गेली आणि ते बोलणंही थांबलं होतं.

आता ते पुन्हा सुरू झालं. भिंतीच्या कडेने सिमेंटचा ओटा घालून त्यावर रूळ टाकले, दोन रुळांत दोन बोटं मावतील एवढं अंतर ठेवून. घळीवर पूल आला. पाडलेल्या चाळींच्या खिडक्यांचं सागवान रघुवीर शोधून आणायचा आणि त्याच्या पातळ पट्ट्या काढून हातभर लांबीचे डबे जोडायचा. चाकं लोअर परळच्या एका गल्लीतला लेथवाला कातून द्यायचा. कोरा डबा जुन्या चादरीत गुंडाळून लालबागला जायचा आणि महिन्याभराने रंगून परत यायचा.

गंगाधर चाळीच्या गॅलरीत बसून रंगवायचा. आधी प्रायमर, मग फटी बुजवायला लांबी, मग पॉलिशपेपर, मग रंगाचे हात. रंगाच्या प्रत्येक थराला तो कारखान्यातल्यासारखं हातच म्हणायचा. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही. शेवटी करंगळी लाकडावर टेकवून तो लांब केसांच्या ब्रशने खिडक्यांखालून पिवळी रेघ ओढायचा, एका दमात, पट्टी न लावता. त्या रेघेकडे बघत रघुवीर कितीतरी वेळ डबा हातात धरून राहायचा. हिरवं इंजिन झालं, त्याच्या पोटात बॅटरी बसली. मग मालाचे डबे झाले, मग माणसांचे. रविवारी वसाहतीतली बिऱ्हाडं मागच्या पट्ट्यात जमू लागली.

दिवाळीनंतर गंगाधर एक नवा डबा घेऊन आला. दोन्ही टोकांना सज्जा असलेला हा डबा रघुवीरने फार जपून जोडला होता. रंग किरमिजी ठरला होता. गंगाधरने चादर सोडली आणि डबा टेबलावर ठेवला.

डबा किरमिजी नव्हता. एक बाजू कशीबशी तांबडी होती, दुसरी शेणकट तपकिरी. रंग गडद करायला काळ्याचा थेंब घालतात, त्या जागी गंगाधरने इंजिनाचा हिरवा घातला असणार, हे रघुवीरला लगेच कळलं. पिवळी रेघ मध्येच खाली उतरली होती आणि पुन्हा वर चढली होती.

"कसा झालाय?" गंगाधरने विचारलं. तो डब्याकडे बघत नव्हता. थोडं बाजूला, भिंतीकडे बघत होता.

खरं ते रघुवीरच्या तोंडाशी आलं होतं. पण समोर हा माणूस दोन बस बदलून आला होता, डबा मांडीवर धरून.

"मस्त झालाय," तो म्हणाला. "तुझं काय, नेहमीचंच."

गंगाधरच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की आपण बोललो ते बरंच केलं असं रघुवीरला वाटलं. चहा घेऊन गंगाधर गेला. त्या आठवड्यात रघुवीरने पॉलिशपेपरने रंग वरवर घासला, बाजारातून रंगाची नवीन डबी आणली आणि डबा पुन्हा रंगवला. रेघेसाठी चिकटपट्टी लावली.

सुचित्राने ऑफिसातून येताना ते पाहिलं.

"काकांना सांगितलंत?"

"सांगेन."

"बाबा, त्यांना दिसत नसेल तर ते कुणीतरी त्यांना सांगायला हवं ना."

"वय झालं की होतं थोडंफार. कशाला दुखवायचं?"

पुढचा डबा मालाचा होता. त्यावरची अक्षरं एकमेकांवर चढली होती. रघुवीरने पुन्हा "झकास" म्हटलं आणि पुन्हा सगळं मागून दुरुस्त केलं. गंगाधर आला की गाडी चालायची, तो खुर्चीत बसून ऐकायचा. कुठला डबा कुठे आहे हे आवाजावरून सांगायचा, आणि सगळे हसायचे. रघुवीरही हसायचा.

पौषात एका दुपारी गाडी पुलाच्या वळणावर रुळावरून घसरली. गंगाधर जवळच बसला होता. त्याने वाकून सज्ज्याचा डबा उचलला आणि चाकं सरळ करता करता त्याचा अंगठा खिडकीच्या कडेवरून फिरला. तो थांबला. अंगठा परत मागे नेला. मग रेघेवरून नखाचं टोक हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.

"ही पट्टी लावून ओढलीय," तो म्हणाला. "कडेला धार आलीय."

रघुवीर वाकून घसरलेलं इंजिन रुळावर ठेवू लागला.

"आणि इथे रंग साचलाय. हा माझा हात नाही, रघू."

"अरे, थोडं लागलं होतं कुठेतरी, म्हणून मी..."

"मालाचा डबा दे."

रघुवीरने दिला. गंगाधरने त्याच्यावरूनही अंगठा फिरवला. बराच वेळ. मग दोन्ही डबे त्याने रुळाच्या कडेला नीट ठेवले, उठला, भिंतीला हात लावत घरातून पुढच्या दारापर्यंत गेला. सुचित्रा बस स्टॉपपर्यंत सोडायला निघाली, तर म्हणाला, "नको बाळा, जाईन मी."

नंतर त्याने फोन उचलला नाही. रघुवीरने गाडी चालवली नाही. रुळांवर तगरीची फुलं पडून सुकत राहिली. शेवटी एका सकाळी तो लालबागला गेला.

गॅलरीत गंगाधरची बायको, लक्ष्मीवहिनी, तांदूळ निवडत बसली होती. रघुवीरला बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"इलास? बरा केलास," ती म्हणाली. "धड जेवणत नाय, बोलणत नाय. डोळ्यांचा माकासुद्धा उशिरा सांगितल्यानी."

"काय झालंय डोळ्यांना?"

तिने आत बघितलं. "तेंकाच विचार."

गंगाधर आतल्या खोलीत पलंगावर बसला होता. रघुवीर समोरच्या स्टुलावर बसला. वहिनी चहा ठेवून बाहेर गेली.

"बोल," गंगाधर म्हणाला.

"मला वाटलं तुला वाईट वाटेल."

"ते कळलं मला."

"मी चुकलो."

गंगाधरने कपाळ चोळलं. "आपल्याकडे रंग चुकला तर फोरमन काय करायचा, आठवतं? सगळ्यांच्या देखत खरवडायला लावायचा. मीही खरवडलेत. कधी अपमान वाटला नाही. काम आपलं आहे, आपण निस्तरायचं. तू माझं काम मागच्या मागे पुसून टाकलंस."

"मान्य."

"तेवढंच असतं तर मी कधीच विसरलो असतो." तो थांबला. खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा आवाज सरेपर्यंत तो बोलला नाही. "गणपतीच्या आधी डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेलो होतो. पडद्याचा मधला भाग खराब होतोय म्हणाले. सरळ बघितलं की मध्ये डाग. तुझ्याकडे बघतो ना, तर तुझे कान दिसतात, तोंड नाही. डोळ्यात इंजेक्शनं द्यायची, थांबायचं नाही म्हणाले. घेतली मी. दिवाळीत तो सज्ज्याचा डबा केला. मलाच शंका होती. रंगाच्या डब्या ओळखू येत नव्हत्या, वासाने आणि झाकणावरून घेत होतो. म्हटलं, रघूला दाखवू. रघू खोटं बोलणार नाही."

रघुवीरने मान खाली घातली.

"तू मस्त म्हणालास. मी घरी येऊन लक्ष्मीला सांगितलं, डॉक्टर उगाच घाबरवतायत, माझा हात अजून बरोबर आहे. पुढचं इंजेक्शन घेतलंच नाही. मग मालाच्या डब्यालाही तू झकास म्हणालास. त्याच्या पुढचंही नाही घेतलं."

गंगाधरचा आवाज चढला नव्हता. एखादी गोष्ट कशी घडली ते सांगावं तसं त्याने ते सांगितलं. रघुवीर उठून खिडकीशी गेला. मग पुन्हा येऊन बसला. त्याला बोलायला जे सुचलं ते सगळं स्वतःला सोडवून घेणारं होतं, हे त्याचं त्यालाच कळत होतं.

"उद्या जाऊ," शेवटी तो म्हणाला. "हॉस्पिटलात. मी येतो."

"आता काय उपयोग?"

"ते त्यांना सांगू दे. तू नाही, मी नाही."

गंगाधरने चहाचा कप चाचपून हातात घेतला. मग म्हणाला, "सकाळी लवकर ये. तिथे गर्दी असते."

दुसऱ्या दिवशी रघुवीर उजाडताच आला. हॉस्पिटलात डोळ्यात औषध घालून गंगाधरला बाकावर बसवलं. दुपारी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. त्यांनी आधीच का आला नाहीत असं विचारलं, तेव्हा गंगाधर म्हणाला, "राहिलं." त्याने रघुवीरकडे बोट दाखवलं नाही. डाव्या डोळ्याचा पडदा आता सुधारण्यापलीकडे गेला होता. तिथे वण धरला होता. उजव्यात जेवढं उरलं होतं तेवढं राखायचा प्रयत्न करता येईल, त्या म्हणाल्या, पण आता मध्ये खंड नको. वेळेवर आला असता तर डावा वाचला असता का, हे रघुवीरने विचारलं. बाईंनी कागदावरून नजर वर केली आणि सरळ उत्तर दिलं. "कदाचित हो."

बाहेर आल्यावर दोघं टॅक्सीची वाट बघत उभे राहिले. रघुवीरने मित्राचा हात धरला होता. गंगाधरने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

त्यानंतर प्रत्येक इंजेक्शनला रघुवीर बरोबर गेला. उजवा डोळा सुधारला नाही, पण आणखी बिघडलाही नाही. गंगाधरला कडा दिसत, सावल्या दिसत, जिना उतरता येई. माणसं तो आवाजाने ओळखू लागला. वर्तमानपत्र सुटलं, एकट्याने बसने जाणं सुटलं. रंगाचा विषय दोघांनीही काढला नाही. अँटॉप हिलला चल असं म्हणायचा धीर रघुवीरला होत नव्हता.

म्हणून गुढीपाडव्याच्या आसपास गंगाधर स्वतःच म्हणाला, "तो सज्ज्याचा डबा अजून तसाच आहे?"

"तसाच."

"मग आज तुझ्याकडे जाऊ."

सुचित्रा सुट्टीवर होती. तिने दोघांसाठी मागच्या दारात खुर्च्या टाकल्या आणि पपईला पाणी घालायच्या निमित्ताने तिथेच घोटाळत राहिली. गंगाधरने डबा मांडीवर घेतला, पॉलिशपेपर मागितला आणि खरवडायला लागला. रघुवीरचा रंग निघाला, खालचा गंगाधरचा निघाला, लांबी निघाली. मध्ये मध्ये तो अंगठ्याने चाचपून बघायचा. रघुवीरने हात लावायला पाहिलं, तर म्हणाला, "थांब. हे माझं आहे."

संध्याकाळपर्यंत कोरं लाकूड वर आलं. ते त्याने रघुवीरच्या हातात दिलं.

"आता तू रंगव."

"मला येत नाही, गंग्या. बघितलंस ना तू."

"बघितलं. म्हणून सांगतोय. पट्टी लावायची नाही."

पुढचे कित्येक दिवस हेच चाललं. रघुवीर सकाळी टॅक्सीने गंगाधरला घेऊन यायचा. गंगाधर खुर्चीत बसून सांगायचा, लांबी कितपत घट्ट हवी, ब्रशला रंग किती घ्यायचा, थांबायचं कधी. वाळल्यावर अंगठा फिरवायचा आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचा. रघुवीर पुन्हा पॉलिशपेपर घ्यायचा. एकदा त्याचा धीर सुटला, त्याने ब्रश टाकून दिला आणि पुलाशी जाऊन उभा राहिला. गंगाधरने त्याला हाक मारली नाही. थोड्या वेळाने तो परत आला आणि ब्रश धुऊन घेतला.

डाव्या डोळ्याबद्दल ते एकदाच बोलले. किरमिजीचा शेवटचा हात वाळत होता.

"तू मला माफ केलंस का, मला माहीत नाही," रघुवीर म्हणाला.

"मलाही माहीत नाही," गंगाधर म्हणाला. "कधी कधी सकाळी उठलो की फार राग येतो. मग तू येतोस."

दुसऱ्या दिवशी रेघेची पाळी आली. सुचित्राही मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. रघुवीरने करंगळी लाकडावर टेकवली, श्वास धरला आणि खिडक्यांखालून ब्रश ओढत नेला. ब्रश उचलल्यावरच त्याने श्वास सोडला.

"झाली?" गंगाधरने विचारलं.

"झाली."

"कशी आलीय?"

रघुवीरने डबा उजेडाकडे धरला. रेघ पहिल्या दोन खिडक्यांखाली सरळ होती. तिसरीपाशी नव्हती.

"तिसऱ्या खिडकीशी वर गेलीय," तो म्हणाला.

"किती?"

"चौकटीला शिवतेय."

"मग पूस."

रघुवीरने टर्पेंटाइनची बाटली उघडली, फडकं भिजवलं आणि ओली रेघ पुसायला लागला.