बापाचा आवाज

"अहो हरीओमभाऊ, चक्कीत दाणा नाही अन् चालू काहून ठेवली? दगड घासून जातीन ना!" दळणाचा डबा खाली ठेवत विजयमालाबाई ओरडल्या.

भिंतीला टेकून हरीओम घाईघाईनं भाकर गिळत होता. त्यानं नुसता हात हलवला. काय सांगणार, कपाळ! किन्हीराजात चक्की टाकून त्याला चौदा वर्षं झाली होती आणि चौदा वर्षं तो असाच जेवत होता. पट्ट्याच्या खडखडाटात तो आवाज दबायचा. नाहीतर ताट पुढं आलं की लागलीच कानाशी यायचा, 'खाय! बहिणीले खाल्लं, आता भाकर खाय!'

धाकटी बहीण रेणू विहिरीत पडून गेली तेव्हा चार वर्षांची होती आणि तिला सांभाळायला ठेवलेला हरीओम आठ वर्षांचा. त्या दिवसानंतर बापानं, जानरावांनी, पोराला बोटही लावलं नाही. फक्त दोन्ही वेळा ताट वाढलं की तेच वाक्य म्हणायचे.

वाशीमच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "आवाज कोणाचा येतो?"

"बापाचा."

"वारले का ते?"

"नाही जी, घरीच हायेत. लकवा झाला. दोन साल झाले, बोलत नाहीत."

गोळ्यांनी झोप आली, आवाज काही गेला नाही.

आणि आज तो चक्कीच्याही वर चढला. 'घाल तो हात पट्ट्यात!' हरीओमचा हात खरंच उचलला गेला. तो इतका भ्याला की चक्की बंद करून, विजयमालाबाईंना तसंच सोडून घराकडे पळत सुटला.

घरी ज्योत्स्ना सासऱ्यांना दुधात कुस्करलेली भाकर भरवत होती. हरीओमनं बायकोच्या हातून वाटी ओढून घेतली आणि बापासमोर बसकण मारली.

"बाबा, तुमीच म्हटलं होतं, आता तुमीच वापस घ्या. मी आठ वर्साचा होतो, बाबा. माही चूक नव्हती ना?"

जानरावांनी मान हलवली. हो. पुन्हा हलवली.

हरीओम ढसाढसा रडला. पस्तीस वर्षं जीव यासाठीच तर टांगणीला लागला होता! ज्योत्स्नानंही पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात कानाशी तोच आवाज आला, 'उलटं इचारून पाय.'

विचारायला नको होतं. पण मेलं मन, राहवेना.

"बाबा, माहीच चूक होती ना?"

जानरावांनी तश्शीच मान हलवली. हो. हो.

ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "अहो, ते आता कायलेबी मान हलवतात. दूध पायजे का म्हटलं तरी, नको का म्हटलं तरी."

हरीओमनं बापाच्या हनुवटीवर ओघळलेलं दूध पुसलं आणि पुढचा घास भरवला.