चार वाजताचा डाव

तो गेमचा डबा घरात मीच येऊ दिला, म्हणून शिव्या घालायच्या तर आधी स्वतःलाच घालते. आणला उलारनं, माझ्या धाकट्या भावानं. आईला अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता आणि डॉक्टरांनी सांगितलेली रबरी चेंडू दाबायची कसरत ती मुळीच करत नव्हती. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणायची आणि चेंडू पलंगाखाली भिरकावून द्यायची, तोही डाव्या हातानं.

उलार तेव्हा कझानला एका गोदामात रात्रपाळी करायचा. सुट्टीत बिश्केकला आला आणि दोर्दोईच्या बाजारातून दोन जुने डबे उचलून आणले, एक आईला, एक स्वतःला. रिमोट हातात धरून खरोखर हात फिरवायचा, की टीव्हीतला बाहुला तसाच हात फिरवून गोळा टाकतो आणि समोरचे खुंट पाडतो. इथल्या डब्यात त्यानं दोन बाहुले करून ठेवले, डोक्याला लाल रुमालवाली आई आणि टोपीवाला उलार.

"शिवणकाम करून माझे डोळे जायची वेळ आली आणि तू खेळणी आणतोस," मी म्हटलं.

"ताई, तुला नाही आणलं. तुझा हात चालतो. तोंड तर त्याहून जास्त चालतं."

तो परत गेला आणि रोज चारचा डाव सुरू झाला. आमचे चार म्हणजे त्याच्याकडचा एक. झोपेतून उठायचा, फोन चालू ठेवायचा आणि कामावर जायच्या आत तिकडच्या डब्यावर, इंटरनेटवरून आईशी खेळायचा. पडद्यावर टोपीवाला बाहुला यायचा, हात हलवायचा, मग डाव्या हातानं दोनदा झोका घेऊन गोळा सोडायचा. उलार डावखुरा. आई खोकून खोकून हसायची. तीन महिन्यांत तिचा हात खांद्यापर्यंत वर गेला. डॉक्टरही बघत राहिले, हे मी नाकारत नाही.

पण त्या डब्यानं कमी छळलं नाही. एकदा आईच्या हातातून रिमोट सुटला तो थेट चहाच्या किटलीवर. खालच्या मजल्यावरची राईसाबाई पळीनं वर येणारा पाइप बडवायची, वर घोडे नाचतायत का म्हणून. आणि आईनं खाली बाकावर जाऊन बसणंच सोडलं. जुन्या मैत्रिणी येऊन जायच्या; चार वाजायला आले की ही त्यांच्याकडे पाहायचीसुद्धा नाही. मी कुरकुर केली की म्हणायची, "त्यांच्याकडे माझा मुलगा आहे का?"

ऑक्टोबरात गावाहून, आतबाशीहून तुर्दुबेककाकांचा फोन आला. गोदामातली लोखंडी मांडणी उलारच्या अंगावर कोसळली होती. तो जागच्या जागी गेला.

आमच्यात अशी बातमी कुणीही उठून सांगत नाही. घरचे थोर एकत्र जमतात, माणसाला मध्ये बसवतात, आणि सगळ्यांत वडीलधारा ती ऐकवतो. तोवर ज्यांना माहीत आहे त्यांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. त्यात डॉक्टरांनी बजावलं, दोन आठवडे तरी काही कळू देऊ नका, हृदय झेलणार नाही. पेटी विमानानं आली, काकांनी ती परस्पर गावी नेली आणि वडिलांच्या शेजारी माती दिली. मी गेले नाही. गेले असते तर आईला काय सांगितलं असतं? भावाच्या मयतीच्या दिवशी मी आईला दुधाचा चहा करून दिला आणि बाथरूमचा नळ सोडून आत रडले.

पण ते पुढचं. बातमी आली त्याच दिवशी चार वाजले. आई रिमोट घेऊन बसली.

डब्यासोबत आलेला दुसरा रिमोट कपाटात होता. तो घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, शिलाई मशीनपाशी उभी राहिले. दाराला काच आहे, त्यातून टीव्ही दिसतो. मी टोपीवाला बाहुला निवडला आणि डाव्या हातानं दोनदा झोका घेतला.

"आज फोन का नाही केला?" आईनं पडद्यालाच विचारलं.

"मालकानं सगळ्यांचे फोन काढून घेतलेत," मी आतून ओरडले. "मला निरोप आलाय."

तिला पटलं. पटलं असं मला वाटलं. तीन दिवस मी अशी मेलेल्या भावाचा हात होऊन उभी राहिले. गोळा कडेला जायचा, खुंट उभेच राहायचे. आई काही बोलायची नाही, जिंकत राहायची.

चौथ्या दिवशी मी हात उचलायच्या आत बाहुल्यानं गोळा टाकला होता.

जुना रिमोट असा भरकटतो, ते मला ठाऊक होतं. सपाट जागी ठेवून द्यायचा, की ताळ्यावर येतो. मी तो मशीनच्या पाटावर ठेवला आणि हात मागे घेतले. काचेपलीकडे बाहुल्यानं दोनदा झोका घेतला आणि सगळेच्या सगळे खुंट पाडले.

"वा रे वाघा," आई म्हणाली. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मी स्वतःची समजूत घातली. यंत्रच ते, जुनी खेळी आठवून खेळत असेल. मला काय कळतं त्यातलं, मी बाई उशांचे अभ्रे शिवणारी. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रिमोट हातात घेऊन उभी राहिले. खेळ रंगात होता आणि हातातली वस्तू मला फार हलकी लागली. उलटी करून मागचं झाकण काढलं. आत सेल नव्हते. सकाळीच काढून मी ते आईच्या रक्तदाबाच्या यंत्रात घातले होते, आणि साफ विसरले होते.

बाहेर गोळा घरंगळल्याचा आवाज आला. मी खाली फरशीवर बसले आणि डाव संपेपर्यंत तशीच बसून राहिले.

कुणाला सांगणार होते? त्यानंतर मी स्वयंपाकघरात गेलेच नाही. चार वाजता रिकाम्या हातांनी आईच्या शेजारी बसायची. बाहुला यायचा, हात हलवायचा. तू इथे कशी, निरोप कसा येतो, असं आईनं एकदाही विचारलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. त्या खोलीत मला माझ्याच घराची भीती वाटत होती.

दोन आठवडे भरले त्या शनिवारी काका आले, गावचे आणखी दोन म्हातारे घेऊन. साडेतीन झाले होते. शेजारची नर्स औषधाची सुई घेऊन दाराशी थांबली. आईला मधल्या गादीवर बसवलं. काकांनी टोपी नीट केली.

"साकीनवहिनी, मन घट्ट करा," ते म्हणाले. "आपला उलार आता आपल्यात नाही. अल्लानं दिलेला होता, त्यानंच नेला."

मी आईचा दंड धरला. तो थरथरला नाही.

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच मेले असते. "मी नाही सांगितलं काका, शपथ घेते."

"हिनं नाही सांगितलं. ही खेळली." आईनं माझ्याकडे पाहिलं. "बुरुल, बाहुला त्याचा होता आणि हात तुझा. कणीक आपटावी तसा गोळा टाकत होतीस. पहिल्याच दिवशी कळलं. तो असता तर तू कशाला त्याचा हात झाली असतीस? पोराचा हात आईला ओळखता येणार नाही होय?"

"मग इतके दिवस गप्प का राहिलीस?" मला रडू फुटलं. "मी इथे गुदमरून मरत होते गं."

"बोलणारच होते. तेवढ्यात तो स्वतः यायला लागला."

दोघे म्हातारे पुटपुटत आपापल्या दाढीवरून हात फिरवू लागले. काका हळूच म्हणाले, "वहिनी, असं अभद्र बोलू नये."

"तुर्दुबेक, तो हसत येतो. रोज चारला, न चुकता. हात हलवतो, खेळतो, आणि कामावर जायचंय म्हणून निघतो." आईचा आवाज आता पहिल्यांदा फाटला. "माझ्या पोराला अजून कुणी सांगितलंच नाही रे. तुम्ही सगळे मला सांभाळत बसलात. त्याला कोण सांगणार? मी रोज ठरवते, आज सांगेन. आणि रोज आणखी एक डाव खेळते."

भिंतीवरचं घड्याळ चार दाखवत होतं. आईनं टीव्ही लावला.

टोपीवाला बाहुला आला आणि त्यानं हात हलवला. नर्स म्हणाली, दुसरा रिमोट कुणाकडे आहे, आणि मी कपाटाकडे बोट दाखवलं. एका म्हाताऱ्यानं उठायला पाहिलं. काकांनी त्याला गुडघ्यावर हात ठेवून बसवलं. मग ते स्वतः गादीवरून सरकत सरकत पडद्यासमोर गेले. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर लोकांना अशा बातम्या ऐकवत आलेला. मी त्यांचा चेहरा पाहिला. घाम फुटला होता.

"उलार, बाळा," ते म्हणाले. "बस. तुझ्या बापाचा भाऊ बोलतोय, नीट ऐक. कामावर जायची घाई करू नकोस. तिथे आता तुझं काही काम नाही. लोखंड पडलं आणि तू गेलास, पोरा. तुला फार सोसावं लागलं नाही, असं तुझ्याबरोबरच्या मुलांनी सांगितलं. आम्ही तुला घरी आणलं. बापाच्या शेजारी ठेवलंय, टेकडीच्या उन्हाच्या बाजूला. आईची काळजी करू नकोस. बुरुल आहे."

पाळी त्याची होती. गोळा हातात घेऊन बाहुला उभा होता. खेळातली घंटा वाजली, टाका म्हणून. पुन्हा वाजली. त्यानं टाकला नाही.

मग त्यानं गोळा पायाशी ठेवला. त्या खेळात गोळा खाली ठेवता येत नाही.

पडद्यावर अक्षरं आली, की दुसरा खेळाडू निघून गेला. आईनं आमच्या रिवाजाप्रमाणे तोंड भिंतीकडे केलं आणि त्याचं नाव घेऊन मोठ्यानं शोक सुरू केला. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि दोन आठवड्यांनी मीही भावाला हाक मारून रडले.