बुधवारचे तोंडी लावणे

बुधवारी सकाळी सात वाजता ठमीआजीने मला फडताळातून उचलले, नातीच्या हातात दिले आणि माळ्यावर ठेवायला सांगितले. माझ्या जागेवर वालाची काचेची बरणी आली. घटना एवढीच. मला देताना आजीने झाकण उघडूनसुद्धा पाहिले नाही.

मित्रांनो, हे माळ्यावरून सांगणारा मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या अंगावर मोराचे चित्र होते. त्यातला अर्धा मोर अजून दिसतो, उरलेला गंजाने नेला. मुंबईच्या एका कारखान्यात मला बिस्किटांसाठी घडवले. ठमीआजीचे यजमान धर्मा यांनी मला भाऊच्या धक्क्यावर विकत घेतले. रेवसच्या लाँचमध्ये खाली पाणी आले होते, म्हणून त्यांनी मला सगळा प्रवास मांडीवर धरले. बिस्किटे लगेच संपली. मग आजीने मला राखेने घासले, उन्हात तापवले आणि माझ्यात खारे बांगडे भरले. तेव्हापासून माझे काम तेच.

आमच्या रेवदंड्यात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. ताजी मासळी मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. अशा दिवसांत भाताच्या ताटात कडेला माझ्यातला एक भाजलेला तुकडा पडला, की घर पोटभर जेवायचे. आजी शेजारणींना सांगायची, "डबा भरलाय. आता पाऊस कितीबी पडू दे." हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकले. घरात भांडी पुष्कळ होती, पण नाव घेतले जायचे ते माझे. मी त्याची सवय लावून घेतली, आणि सवय वाईट असते.

ही बरणी घरात आली ती रामचंद्रच्या आजारपणामुळे. रामचंद्र हा आजीचा मुलगा. तो कंटेनरचा ट्रेलर चालवतो. गेल्या थंडीत उरणच्या रस्त्यावर त्याला गाडीतच गरगरले. त्याने ट्रेलर कडेला घेतला, म्हणून निभावले. अलिबागच्या डॉक्टरांना त्याचा रक्तदाब फार वाढलेला आढळला. त्यांनी रोजची गोळी दिली. मीठ कमी करा आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस मटण-मासळीऐवजी कडधान्ये व भाज्या खा, असे बजावले. गाडीच्या मालकाने याहून थोडक्यात सांगितले. मे महिन्यातल्या तपासणीत डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिले तर गाडी, नाहीतर चावी परत. घर त्या चावीवर चालते.

रामचंद्रची बायको कल्पिता एका रिसॉर्टमध्ये चादरी-टॉवेलांचे काम पाहते. तिने डॉक्टरांचे म्हणणे मनावर घेतले. सोमवारी घरात मासळी शिजत नव्हतीच, सोमवार महादेवाचा. त्याला तिने बुधवार आणि शनिवार जोडले. रामचंद्र कुरकुरला, तेव्हा तिने त्याला बाजारभाव ऐकवले. एका वेळच्या सुरमईत आठवड्याचे वाल आणि मूग येतात, हे त्यालाही नाकारता आले नाही. वाचलेल्या पैशांतून पहिली खरेदी झाली ती रक्तदाब मोजायच्या यंत्राची. दुसरी त्या बरणीची.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ती आरपार होती. तिच्यात काय आहे ते कोणाला विचारावे लागत नसे, आणि तिला कसलाही वास नव्हता. तेही मी सहन केले असते. पण मंगळवारी संध्याकाळी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायला बसायचे, तेव्हा सगळे घर एका परातीभोवती गोळा व्हायचे. कल्पिता, तिची आठवीतली मुलगी हेमाली, स्वतः आजी. घरी असला तर रामचंद्रही. बोटांनी वाल दाबायचा, साल बाजूला, दाणा परातीत, आणि तोंडाने गावभरच्या गप्पा. माझे झाकण आयुष्यभर एका हाताने उघडले आणि वास पसरू नये म्हणून घाईने लावले. माझ्याभोवती कधी कोणी बसले नाही.

एकदा हेमालीने वालाच्या बिरड्याचा फोटो काढून मावशीला पाठवला. भांड्यामागे बरणी होती, वर पांढऱ्या कांद्यांची माळ होती आणि कडेला मी होतो. हेमालीने फोन जरासा सरकवला आणि मग फोटो काढला. फोटोत कांदे आले.

जेवताना रामचंद्रचे टोमणे चालू असत. एका शनिवारी शेवग्याची आमटी आणि मुगाची उसळ पाहून तो म्हणाला, "उद्यापासून मला दाव्यालाच बांध. चारा टाकायला सोपा."

"बांधते," कल्पिता म्हणाली. "दाव्याला असलात तर गोळी तरी वेळेवर घ्याल."

आजीसुद्धा हसली. मी बरणीकडे पाहत राहिलो.

आता बुधवारबद्दल. बुधवारी आणि शनिवारी कल्पिता आठ वाजता स्वयंपाक उरकून कामावर जायची. रामचंद्र दुपारी जेवून गाडीवर निघायचा. त्याचे ताट आजी वाढायची. बिरडे वाढायची, तांदळाची भाकरी वाढायची, आणि मग तिचा हात माझ्याकडे यायचा. एक खारा बांगडा निखाऱ्यावर भाजून ती ताटाच्या कडेला ठेवायची. रेवदंड्यात वाऱ्यालाच सुक्या मासळीचा वास असतो. संध्याकाळी कोणाला काय कळणार? बरणीतले वाल कल्पिता मोजून घ्यायची, माझ्यातले बांगडे आजी मायेने घ्यायची. त्या दुपारी मी बरणीला हरवत होतो. रामचंद्र शेवटचा घास बांगड्याबरोबर खायचा आणि बोटे चाटायचा. बिरड्यासाठी त्याने कधी बोटे चाटली नाहीत.

यंत्रावरचा वरचा आकडा मात्र एकशे साठच्या खाली उतरेना. एप्रिल निम्मा सरला. रामचंद्र वैतागला. "आठवड्याचे तीन दिवस पाला खाऊन आकडा तोच असेल, तर मासळीने काय घोडं मारलंय?" असे म्हणून त्याने बुधवार-शनिवार बंद करायला सांगितले. त्या संध्याकाळी कल्पिताने यंत्राच्या पट्ट्याला कुठे भोक पडले आहे का, तेसुद्धा तपासून पाहिले. तिचा चेहरा पाहून मला थोडे बरे वाटले. मित्रांनो, मत्सर असा असतो. माणसाची चावी जायची वेळ आली होती आणि मी माझी जागा धरून बसलो होतो.

रविवारी कल्पिताने भावासाठी दोन बांगडे काढायला माझे झाकण उघडले. शिमग्याला तिने स्वतः मला गळ्यापर्यंत भरले होते. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला, तेव्हा तळ लागला.

तिने मला ओट्यावर ठेवले आणि आजीला हाक मारली. बांगडे कुठे गेले, हे तिने शांतपणे विचारले. आजीनेही शांतपणेच सांगितले. लपवण्यासारखे तिच्या दृष्टीने काही नव्हतेच.

"रामाला देते बुधवार-शनवारी. कोरडं जेवन त्याच्या गल्याखाली उतरत न्हाय."

"आई, ते दिवस मासळी बंद आहे ना?"

"मासली कुठं दिली? बांगडा तोंडी लावायला व्हता. तोंडी लावलेलं जेवनात धरतात व्हय?" आजी थोडी दुखावली. "सोमवारी दिला का कधी? सोमवार देवाचा हाय. बुधवार डाक्टरचा."

कल्पिता जमिनीवर बसली. "देव समजून घेईल, आई. रक्त नाही समजून घेत. सगळं मीठ त्या बांगड्यातच आहे. आमटीत मी चिमटीने मीठ घालते आणि..."

आजीने माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे तिने माझ्याकडे पाहिले होते, पण असे कधी नाही. मग ती हळू म्हणाली, "म्हंजे मीच त्याला भरवीत व्हते."

रामचंद्र दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. "आये, खात मीच व्हतो ना," तो म्हणाला. "मला काय चव कळत नव्हती? मलापण वाटलं, तोंडी लावलेलं कोण मोजतंय."

बुधवार-शनिवार बंद करायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. आणि त्यानंतरच्या बुधवारी सकाळी आजीने मला माळ्यावर पाठवले. दुसऱ्या कोणी पाठवले असते तर मी रागावलो असतो. तिच्यावर रागावता येत नाही, म्हणून सगळा राग बरणीवर निघतो.

आता आजी ताटाच्या कडेला पांढरा कांदा ठेवते. तो ती अख्खा भाजते, हाताने फोडते आणि वर लिंबू पिळते. कडेची ती जागा माझी होती. रामचंद्र कांद्याला नावे ठेवतो आणि संपवतो. रविवारी घरात ताज्या मांदेल्यांचे कालवण होते, त्याला डॉक्टरांची हरकत नाही. माझी आठवण तेव्हाही निघत नाही. वरचा आकडा आधी एकशे पन्नासवर आला, परवा एकशे सेहेचाळीसवर. हेमाली तो मोठ्याने वाचते, त्यामुळे माळ्यावर ऐकू येतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा डबा असेल, तर त्याला भंगारात देऊ नका. पावसात एखाद्या दिवशी त्यातला एक तुकडा पुष्कळ चव देतो. पण कोणासाठी ताट वाढाल तेव्हा कडेला काय पडते, तेही मोजा. माया करणाऱ्याला ते मोजायचे सुचत नाही. हे मी बरणीच्या बाजूने सांगतो आहे, आणि सांगताना मला अजिबात आनंद होत नाही.

आज रामचंद्रची तपासणी आहे. सकाळी तो रिक्षाने अलिबागला गेला. कल्पिताने कामावर सुट्टी टाकली. बिरडे शिजून झाकून ठेवले आहे, भाकऱ्या झाल्या आहेत, कांदा भाजून झाला आहे. दुपार टळली तरी कोणी जेवायला बसलेले नाही. मघाशी फोन वाजला, तो शेजारच्या घरातला होता. आता बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला आहे. आजी उठून दाराकडे गेली. माळ्यावरून दार दिसत नाही.