आजी घरी येत नाही

मी टोप बोलतोय. नाटकवाल्यांच्या भाषेत टोप, तुमच्या भाषेत खोटे केस. पांढरेशुभ्र, मागे छोटासा अंबाडा आणि कपाळावर दोन चुकार बटा. त्या नीट चुकाव्यात म्हणून मेकअपदादा रोज बराच वेळ खपायचे.

"हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत," असं म्हातारी माणसं ऐटीत सांगतात. मला ती सोय नाही. माझे केस बादलीत, औषधात बुडवून पांढरे केलेत. त्याआधी ते कुणाकुणाच्या डोक्यावर होते, देव जाणे. दादांनी ते एकेक करून जाळीत ओवले. अजूनही मला झोपेत काळ्याभोर वेण्यांची स्वप्नं पडतात, आणि त्या सगळ्या वेगवेगळ्या दिशांना धावत असतात.

मला डोकं मिळालं ते एका तरुण बाईचं. टीव्हीच्या मालिकेत आजी हवी होती. खऱ्या आज्यांना दिवसभराचं काम झेपेना, म्हणून हिला उभं केलं. तिची लेक तेव्हा कडेवरची होती. मी डोक्यावर चढलो मात्र, बाईचे खांदे किंचित उतरले, आवाज संथ झाला आणि आरशात आजी येऊन बसली. आम्ही दोघंही तिच्याकडे बघतच राहिलो.

आजी गल्लीच्या टोकाला राहायची. गल्ली रंगवलेल्या फळ्यांची, घराला मागची भिंतच नाही, आणि संध्याकाळ दिव्यांनी पाडलेली, कधीच न संपणारी. भांडलेली, रुसलेली, हरलेली माणसं तिच्या पायरीवर येऊन बसायची. "आधी पाणी पी, मग रड," एवढंच आजी म्हणायची. पण ते वाक्य घराघरांत गेलं. लोक तिच्यासाठी जेवणं लवकर उरकायचे. एका आजोबांनी तर स्वतः घासून गुळगुळीत केलेली काठी पाठवली होती. आजीला काठी लागायचीच नाही, पण ती कोपऱ्यात मानानं उभी असायची.

काम संपलं की बाई मला उतरवायची, लाकडी मुंडक्यावर बसवायची आणि म्हणायची, आजी घरी येत नाही बरं का. हा तिचा नियम होता. घरी आजीचा आवाज काढायचा नाही आणि लेकीला इथं आणायचं नाही. मग ती काळे केस सोडून बाजारातून निघायची, आणि तिला कुणी ओळखायचंसुद्धा नाही. मला त्याचं मनातून बरं वाटायचं. सगळा मान माझाच, असा माझा समज होता.

घरची कथा वेगळी होती. लेक शेजारणीच्या मांडीवर बसून रोज आजीला बघत मोठी झाली. पडद्यावर आजी दुसऱ्यांच्या पोरांना थोपटायची. स्वतःच्या लेकीला थोपटायला बाई पोचायची, तेव्हा ती झोपून गेलेली असायची. एकदा पोरीला ताप भरला. आई उशाशी बसली, तर पोर म्हणाली, तू नको, आजीला बोलाव.

दुसऱ्या दिवशी मला डोक्यावर चढवून घेताना बाईनं हे दादांना सांगितलं. दादा म्हणाले, एकदा करायची होती आजी, लेकराला तेवढंच बरं वाटलं असतं.

"आणि मग मी कुठं बसू, दादा?" बाई म्हणाली. "एकदा आजी घरात शिरली, की पोरीला आई लागायचीच नाही."

दादा माझ्या बटा नीट करायला लागले. मी तर काय, जन्माचाच गप्प. पण डोक्यावर बसायचं तर डोक्यात चाललंय ते कळणारच. बाईला माझी भीती वाटत होती, आणि मला तिची फार कीव आली.

वर्षं गेली. कशी गेली ते मला विचारू नका, त्या खोलीला खिडकी नव्हती. माझ्या खालचे काळे केस आधी करडे झाले, मग कडेकडेनं पांढरे. दादा थट्टा करायचे, बाई, आता माझी नोकरी जाणार, टोप तुमचा तुम्हीच उगवून घेतलात. ती हसायची आणि घरी जाऊन केस रंगवायची. पुढं पुढं तिला त्याचाही कंटाळा आला.

मग मालिका संपायचं ठरलं. शेवटचा प्रसंग अगदी साधा होता. आजी दाराला कुलूप लावते, पिशवी उचलते आणि गल्लीतून चालत जाते. मागं वळायचं नाही, असं दिग्दर्शकानं बजावलं होतं. आजी वळली नाही. फळ्या संपल्या तिथं आम्ही थांबलो. समोर तारा, शिड्या आणि चहाचे रिकामे कप होते. दिवेवाल्यांना रडू येत होतं. ती संध्याकाळ मालवायला कुणाचाच हात होईना.

आम्ही खोलीत आलो तर लेक बसलेली. आता आईहून उंच झालेली, आणि न विचारता आलेली. दादांनी हळूच गोंद सोडवला, मला उतरवून मुंडक्यावर ठेवलं. लेकीचा चेहरा पडला.

"आई, मी आजीला भेटायला आले होते," ती म्हणाली. "एकदाच. आता ती कुठं भेटणार?"

बाईचा हात माझ्याकडे आला आणि अर्ध्यावर थांबला. ती नाही म्हणणार, असंच मला वाटलं. पण हात मागं गेला. तिनं स्वतःच्याच पांढऱ्या बटा कानामागं सारल्या, खांदे किंचित उतरवले, आणि मी इकडं लाकडावर असताना आरशात आजी येऊन बसली. खरं सांगतो, मला क्षणभर रागच आला.

"बाळा," आजी म्हणाली, "इतकी वर्षं कुठं होतीस गं?"

लेक तिच्या पायाशी खाली बसली. "घरीच होते, आजी. रोज आईला तुझ्याकडे पाठवत होते."

दादांनी पाठ फिरवून उगाच ब्रश धुवायला घेतले. आजी बराच वेळ लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"हो गं. उशिरा सोडायची मी तिला," आजी म्हणाली. "आता घेऊन जा. तुझीच आहे."

दोघी हात धरून निघून गेल्या. मी आता पेटीत असतो, मऊ कापडात गुंडाळलेला. इथला अंधार चांगला आहे आणि झोपही लागते. माझी जाळी अजून शाबूत आहे, तेव्हा कधी तरी कुणी ही पेटी उघडेल. मला पुन्हा एखादीच्या डोक्यावर जरूर चढवा, मी नाही म्हणणार नाही. पण त्याआधी तिला एवढं विचारा, की घरी तुझी वाट कोण बघतंय.