बिनपत्त्याच्या पेशी

"मूठ आवळ," सुई हातात धरून सहकारी मैत्रीण म्हणाली. "आणि हे सरांना माहीत आहे?"

"कळेलच त्यांना," ती म्हणाली आणि तिने मूठ आवळली.

स्वतःच्या या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिने दोन नळ्यांत सारख्या वाटल्या. एकीत नुसतं मिठाचं पाणी, दुसरीत एन्झाइम. रोग्यांच्या आतड्याचे तुकडे त्याच एन्झाइममध्ये विरघळवून ती आतल्या पेशी सुट्या करायची. रक्तातल्या पेशी मुळातच सुट्या, त्यामुळे त्यांना ते द्यावं असं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. न्हाऊन आलेल्याला पुन्हा कोण घासत बसतं?

या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. घरी समजावताना ती त्यांना पत्ता म्हणायची. एक पत्ता असला की पेशी कातडीकडे जाते, दुसरा असला की आतड्याकडे, आणि तिथे जाऊन कधी जंतूंशी लढते, तर कधी उगाच घरातच जाळपोळ करते. आजारी आतड्यातल्या पेशींवर हा पत्ताच नाही, त्या दुसऱ्याच वाटेने शिरतात, असा तिचा निष्कर्ष होता. म्हणजे पत्ता झाकणारं नवं औषध अशा रोग्यांना कुचकामी. पेपर लिहून तयार होता आणि तिची कायमची नेमणूक त्याच्यावर अडली होती.

घोळ केला तो तिच्या धाकट्या बहिणीने. आतड्याच्या दुखण्यासाठी ती याच औषधावर होती. गेल्या रविवारी तिने ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"अगं, बेताने!" आई ओरडली.

"राहू दे गं आई. हल्ली पोट भांडत नाही माझ्याशी."

ताईच्या हातातला घास हातातच राहिला. तिच्या पेपरप्रमाणे हे व्हायला नको होतं. बहिणीला बरं वाटतंय याचा आनंद व्हायच्या आधी आपल्याला धडकी भरली, याची तिला मनापासून लाज वाटली. एका रोग्यावरून काही ठरत नाही, हे तिला पाठ होतं. पण शंकेची पाल चुकचुकली होती, आणि तपासल्याशिवाय गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

मशीनने दोन्ही नळ्या मोजल्या. मिठाच्या पाण्यातल्या पेशींवर पत्ता ठसठशीत होता. एन्झाइममधल्या पेशी जिवंत, धडधाकट, पण पत्ता साफ गायब. इतकी वर्षं ती साप साप म्हणून भुई धोपटत होती. ती आलेख घेऊन सरांच्या खोलीत गेली.

"सर, पेशी बिनपत्त्याच्या नाहीत. पत्ता आपणच पुसतोय."

सरांनी कागद जवळ घेतला, लांब धरला. "नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"म्हणून माझं रक्त पुन्हा काढून करून पाहिलं. तेच येतंय."

"पेपर या आठवड्यात जायचाय. तुझी नेमणूक..."

"माहीत आहे, सर. पेपर जाणार नाही."

सरांनी आलेख पुन्हा जवळ ओढला.

"एन्झाइम कुठलं वापरतेस?"

याच प्रश्नाची तिला भीती होती.

"तुमचंच, सर. तुम्ही कातडीच्या तुकड्यांना वापरलेलं. प्रमाणही तेच."

सरांच्या पाठीमागे भिंतीवर चौकटीत मढवलेला जुना पेपर टांगलेला होता. आजारी कातडीतल्या पेशी बिनपत्त्याच्या असतात, हा त्यांचा तरुणपणीचा शोध. त्या शोधावर त्यांचं नाव झालं होतं, ही प्रयोगशाळा उभी राहिली होती. सरांनी मागे वळून पाहिलं नाही. चष्मा काढला, पुसला, टेबलावर ठेवला. मग डाव्या बाहीचं बटण सोडून ती नीट घड्या घालत कोपराच्या वर नेली.

"एकट्या तुझ्या रक्तावर कोण विश्वास ठेवणार? बोलाव तुझ्या मैत्रिणीला सुई घेऊन. आतड्याचा पत्ता तू पाहिलास, आता कातडीचा बघू."

त्यांनी मूठ आधीच आवळली होती.